रॉक्सॅनची न झालेली पीएचडी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे करारपत्राचे फोटो मोठे करून करून तीनदा. उत्तर इथे जाहीर देतेय, कारण रॅप करणाऱ्या मुलीची आई म्हणून लिहिणाऱ्या या वर्षातल्या तुम्ही पहिल्या नाही. नाव गाळलंय. गाव राहू दिलंय. इचलकरंजीत यंत्रमाग सांभाळणारे जॉबर कितीतरी आहेत, तुमचं घर कुणाला ओळखू येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी बारावी सायन्सला आहे, सतरा पूर्ण. वडील यंत्रमागावर जॉबर, आई पतसंस्थेत क्लार्क. वर्षभर मुलगी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून मराठीत रॅप म्हणते आणि मोबाइलवर टाकते. कॉलेजच्या गॅदरिंगला पहिली आली, तो व्हिडिओ बराच फिरला आणि पुण्याच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आला. तीन वर्षांचा करार, पाच गाणी, गाण्यामागे १५ हजार. वडील म्हणतात, गावातच डीकेटीई कॉलेज आहे, टेक्स्टाइल इंजिनिअरिंग कर. मुलगी म्हणते, कॉलेज सोडते. पुरावा म्हणून तिने आईला एक फॉरवर्ड पाठवलाय: अमेरिकेतल्या एका रॅपर बाईने म्हणे कंपनीच्या करारात 'आयुष्यभराचं शिक्षण कंपनीच्या खर्चाने' असं कलम घालून घेतलं आणि थेट पीएचडीपर्यंत मजल मारली. ताईंचे प्रश्न दोन: हे खरं आहे का? आणि सही करू का?

खरं नाही. आणि सही करू नका.

आता सावकाश बोलू.

ती बाई मात्र खरी आहे. रॉक्सॅन शांते. मूळ नाव लोलिता शांते गूडन. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्वीन्सब्रिज नावाची सरकारी घरांची अवाढव्य वसाहत आहे, तिथली पोरगी. १९८४ साली यूटीएफओ नावाच्या पोरांचं 'रॉक्सॅन, रॉक्सॅन' हे गाणं तिथे गाजत होतं. विषय असा, की रॉक्सॅन नावाची मुलगी या पोरांना भाव देत नाही, म्हणून तिच्या नावाने खडे फोडायचे. जेमतेम चौदा वर्षांच्या शांतेने त्या रॉक्सॅनच्या तोंडून उलट जबाब दिला. आपल्याकडे कलगी-तुऱ्यात एका फडाने सवाल टाकायचा नि दुसऱ्याने भर सभेत तो उलटवायचा, तसाच हा प्रकार. ती सांगते, कपडे धुवायला निघाले होते, वाटेत मार्ली मार्ल या गाणी रेकॉर्ड करणाऱ्याच्या घरी थांबले आणि एका दमात म्हणून टाकलं. कागदावर एक ओळ लिहिलेली नव्हती. 'रॉक्सॅन्स रिव्हेंज' नावाने ते बाहेर पडलं आणि मग उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर अशी डझनांनी गाणी आली. रॅपच्या इतिहासात या भांडणाला 'रॉक्सॅन वॉर्स' म्हणतात.

एक गोष्ट तुमच्या लेकीला मुद्दाम सांगा. शांतेने ते पहिलं गाणं यूटीएफओच्याच ठेक्यावर म्हटलं होतं. ठेका दुसऱ्याचा, त्यामुळे कायद्याचं लचांड मागे लागलं आणि गाणं वेगळ्या ठेक्यावर पुन्हा करावं लागलं. ठेक्याचा, म्हणजे बीटचा मुद्दा पुढे येणारच आहे.

त्यानंतरचं आयुष्य फॉरवर्डात नसतं. शाळेच्या वयात दौरे सुरू झाले आणि त्याच वयात ती आई झाली. १९८७ च्या 'हॅव अ नाइस डे' या तिच्या गाजलेल्या गाण्याचे शब्द बिग डॅडी केन या दुसऱ्या रॅपरने लिहिले होते. पहिला स्वतःचा अल्बम यायला १९८९ उजाडलं, दुसरा १९९२ ला, आणि पंचविशीच्या आसपास ती या धंद्यातून जवळजवळ बाजूला झाली. म्हणजे ज्या वयात आपली मुलं पहिली नोकरी धरतात, त्या वयात हिचं रेकॉर्डिंगचं करिअर आटोपलेलं. २००९ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने तिच्या पीएचडीची कहाणी छापली: कॉर्नेल विद्यापीठ, मानसशास्त्र, खर्च कंपनीचा. जग गहिवरलं. काही दिवसांनी एका वकील-पत्रकाराने 'स्लेट' या ऑनलाइन मासिकात ती कहाणी उसवली. कॉर्नेलकडे पदवीची नोंद नाही. मॅनहटनमधल्या एका कॉलेजात ती एक सत्रही पुरतं टिकलेली नव्हती. आणि असं कलम असलेला करार कंपनीकडे नाही. शेवटी पीएचडी नसल्याचं तिनेही मान्य केलं.

खरं सांगू? मला तिचा राग येत नाही. लोकांना ती थाप इतकी का आवडली याचंच मला जास्त कुतूहल आहे. शेवटी पदवी आली की आपल्या जिवाला बरं वाटतं. मुलगी वस्तीतली असो, रॅप करो, शेवटी 'डॉक्टर' झाली ना, मग सगळं माफ! आणि तुमच्या लेकीनेही फॉरवर्ड कोणता निवडला ते पाहा. गाडी-बंगल्यावाल्या रॅपरचा नाही, पीएचडीवालीचा. एक तर आईबाबा फक्त पदवीपुढेच विरघळतात हे तिला पक्कं ठाऊक आहे, नाहीतर तिला स्वतःलाच अजून शिकायचंय. माझा कल दुसऱ्याकडे आहे. तुम्ही घरात विचारून पाहा, पण जेवताना सगळ्यांसमोर नको.

बरं, पीएचडी खोटी निघाली म्हणून बाई मोडीत निघाली नाही. २०१७ मध्ये तिच्या आयुष्यावर चित्रपट आला. २०२५ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी तिला जीवनगौरव दिला, चौदाव्या वर्षी म्हटलेल्या गाण्यानंतर चाळीस वर्षांनी. पण या चाळीस वर्षांत घरभाडं कशातून भरायचं, याचं उत्तर जीवनगौरवात नसतं.

तुमच्या सासूबाईंनी विचारलंय, 'पोरीला तमाशात घालायची का?' तुम्ही ते वाक्य लिहून वर खोडलंयत, तरी वाचता येतंय. सासूबाईंवर चिडू नका. त्यांच्या पिढीने विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर पाहिल्यात. खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, आणि म्हातारपणी औषधपाण्याला पैसा नाही. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव देतं. सासूबाई बोलतात ते कलेबद्दल नाही, हिशेबाबद्दल. बाई राबते आणि पैसा भलतीकडेच जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांची भीती रास्त आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलंय.

तेव्हा आता त्या कागदाकडे वळते. तुम्ही पतसंस्थेत काम करता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पान दोनवर लिहिलंय: गाण्याच्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा कलाकाराचा, 'कंपनीने केलेला खर्च वसूल झाल्यानंतर'. वाक्य निरुपद्रवी दिसतं. आकडे घालून पाहू. समजा एका गाण्याच्या व्हिडिओवर कंपनीने ८० हजार खर्च दाखवला आणि गाण्याने वर्षात एक लाख कमावले. तुम्हाला वाटेल, लाखातून ८० वजा, उरलेल्या २० हजारांत वाटणी. तसं नाही. कंपनीचे ७० हजार आधीच कंपनीच्या खिशात. मुलीच्या वाट्याचे ३० हजार तिच्या हातात न पडता त्या ८० हजारांच्या खात्यात जमा होणार. म्हणजे कंपनीकडे लाख आले, खर्च निघून वर २० हजार सुटले, आणि खातेवहीत मुलीच्या नावावर अजून ५० हजार बाकी! त्यात सुरुवातीला दिलेले १५ हजार हेही 'ॲडव्हान्स' म्हटलेत, म्हणजे तेही याच खात्यात चढणार. बाकी झाली ६५ हजार. आणि पाचही गाण्यांचं खातं एकत्र धरलंय, त्यामुळे एक गाणं चाललं तरी त्याचा पैसा पडलेल्या चार गाण्यांचा खड्डा बुजवायला जाईल. पतसंस्थेत एखाद्या कर्जदाराने तुम्हाला असं कलम दाखवलं असतं तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?

याला लुबाडणूक म्हणावं का, तर सरसकट नाही. जगभर हीच रीत आहे. कंपनी पैसा लावते, जोखीम घेते. पण मग जोखीम घेणाऱ्याने खर्चाची बिलं दाखवावीत, खर्चाला वरची मर्यादा घालावी आणि दर सहा महिन्यांनी हिशेब द्यावा. तुमच्या कागदात या तिन्हींचा पत्ता नाही.

पान तीन. 'सर्व शब्द, चाल, ध्वनिमुद्रण यांचे सर्व हक्क, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी.' इथे आपला कायदा तुमच्या बाजूने उभा आहे, आणि हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याने आणि चाल बांधणाऱ्याने बाकी हक्क कंपनीला दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क त्याच्याकडून काढून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. कागदावर उलट काही लिहून घेतलं असेल तर ते कलम रद्दबातल. आणखी एक. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून तर हे लोक 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' असं ठसठशीत लिहून घेतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की तुमची मुलगी नुसती गाणारी नाही, ती लिहिणारी आहे, आणि तिची खरी इस्टेट ती वही आहे. तुम्ही पत्रात तिच्या दोन ओळी उतरवून पाठवल्यात, तिला विचारून इथे देते:

'खटका-खटका मागाचा, त्यावर माझा ठेका,
बाबांना येत नाही ऐकू. मी मारते हाका.'

जॉबरच्या घरातलीच पोरगी हे लिहू शकते. पुण्यातल्या स्टुडिओत बसून हे कुणाला सुचणार नाही. पस्तीस वर्षं मागाच्या आवाजात उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानाचं काय होतं, ते तिने दोन ओळींत सांगितलंय. (तिच्या बाबांची एकदा कानाची तपासणी करून घ्या. हे करिअर मार्गदर्शन नव्हे, पण राहवलं नाही.)

लिहिणाऱ्या बाईचं काय होतं याचं उदाहरण हवं असेल तर शांतेऐवजी मिसी इलियटचं नाव लेकीला द्या. व्हर्जिनियातल्या पोर्ट्‌स्मथची. तिच्या पहिल्या ग्रुपचा अल्बम तयार होऊनही नीट बाजारात आलाच नाही. त्यानंतर तिने दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, संगीत-निर्माता टिंबालँडसोबत आलिया या गायिकेचं १९९६ चं काम गाजलं, आणि त्या जोरावर कंपनीने तिला तिचं स्वतःचं लेबल देऊ केलं. स्वतःचा पहिला अल्बम १९९७ ला आला. पुढे आजाराने ती कित्येक वर्षं स्टेजपासून लांब होती, तरी लिहिलेली नि बसवलेली गाणी तिच्या नावावर होतीच. २०१९ मध्ये गीतकारांच्या 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये जाणारी ती पहिली रॅपर स्त्री ठरली.

आपल्याकडचंही सांगते. मुंबईत जाहिरातींचे मजकूर लिहिणाऱ्या सोफिया अश्रफने २०१५ मध्ये कोडाइकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याच्या प्रदूषणावर रॅप केलं. कामगार त्याआधी कित्येक वर्षं लढत होते. गाणं देशभर गेलं, आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. आणि मराठीत रॅप करणारी माही जी, म्हणजे महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे, शिक्षणाने इंजिनिअर आहे. हे नाव लेकीच्या बाबांना आवर्जून सांगा. डीकेटीई आणि माइक यांचं काही हाडवैर नाही.

आता वयाचा मुद्दा. मुलगी अठराची जूनमध्ये होणार. आपल्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठराखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल. म्हणून कंपनीला तिच्या बाबांची सही हवी आहे. 'पालक म्हणून नुसती फॉर्मॅलिटी' असं ते म्हणाले असतील. जामीनदारालाही आपल्याकडे तसंच सांगतात ना? शेवटच्या पानावर 'कलाकाराने कराराचा भंग केल्यास पालक नुकसानभरपाईस जबाबदार' असं बारीक अक्षरात आहे. आणि असा कागद मुलीचं रक्षण करेल या भरवशावरही राहू नका. १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. एका अज्ञान मुलीच्या वतीने वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी करार केला, निर्मात्याने पुढे भूमिका दुसरीला दिली. मुलगी कोर्टात गेली आणि हरली, कारण तो करारच मुळात टिकणारा नव्हता. म्हणजे मोडला त्यांनी, आणि हात हलवत परत आली ती.

थांबायला काय हरकत आहे? कंपनीला ती खरोखर हवी असेल तर जूनमध्येही हवी असेल. फेब्रुवारीत बोर्ड आहे, ते होऊ दे. 'आठ दिवसांत सही नाही केली तर ऑफर गेली' असं ज्या फोनवर सांगितलं जातं, तो फोन ठेवून द्यायचा असतो. हे मी अनुभवाने बोलतेय. बावीस वर्षांपूर्वी मी करिअरवरची एक पुस्तिका लिहिली आणि अशाच घाईत एका प्रकाशकाला सगळे हक्क ४ हजारांत लिहून दिले. पुस्तिका अजून शाळांतून वाटली जाते. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने तीच माझ्याकडे सहीसाठी आणली होती. सही दिली, काय करणार.

तोवर करण्यासारखी कामं आहेत. तिचे बीट कुठून येतात ते मी पाहिलं, यूट्यूबवर 'फ्री बीट' म्हणून मिळतात त्यातले आहेत. हे फ्री बहुतेक वेळा 'कमाई करणार नसाल तरच फ्री' असतं. व्हिडिओ चालायला लागला की बीटवाला हक्क सांगतो आणि पैसे त्याच्याकडे वळतात. बीटचं लायसन्स विकत घ्यावं, त्याची पावती नि अटी मेलमध्ये जपाव्यात, किंवा गावातलाच बीट बनवणारा पोरगा गाठून कोणाचा किती वाटा ते एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, अर्थात दोघं अठरा पूर्ण झाल्यावर. वहीतल्या प्रत्येक गाण्यावर तारीख घालावी आणि फोटो काढून स्वतःलाच मेल करावा. कॉपीराइट लिहिल्याक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर तारीख कामाला येते. पुढे गाणी रीतसर प्रसिद्ध झाली की गीतकार म्हणून आयपीआरएसची सभासद होता येईल. १९६९ पासूनची संस्था आहे. रेडिओ, हॉटेल, कार्यक्रम यांतून शब्द-चालीची जी रॉयल्टी गोळा होते ती तिथून सभासदांना मिळते.

शिक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते कदाचित तिच्या बाबांना आवडणार नाही. गणिताला ती घाबरत नसेल तर सीईटी जरूर द्यावी. तुमचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असणार. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं, तेव्हा पैशाचं कारण उरत नाही. पण ती नुसती बाबांसाठी इंजिनिअरिंगला बसणार असेल तर दुसऱ्या सत्रात केटी लागायला सुरुवात होईल, आणि तेव्हा दोष रॅपच्या माथी येईल. मला विचाराल तर दोन रस्ते तिच्या स्वभावाला जास्त जवळचे आहेत. एक, कोल्हापुरातच पदवी, मराठी किंवा संगीत-नाट्य. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे, एसटीने जाऊन-येऊन करता येईल. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण नि ध्वनिआरेखनाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश अवघड, पण तिथून बाहेर पडलेल्याला स्टुडिओत कुणी 'बाळा, तू फक्त गा' म्हणत नाही. दुसरा रस्ता म्हणजे बारावीनंतरचं पाच वर्षांचं लॉ. हसू नका. शब्दावर शब्द चढवून समोरच्याला गप्प करणं हाच जिचा छंद आहे, तिला मी गेल्या काही वर्षांत अनेकदा हेच सुचवलंय. आणि ती पुढे वकील झाली नाही तरी स्वतःचा करार स्वतः वाचेल.

'प्लॅन बी' हा शब्द मात्र घरात काढू नका. सतराव्या वर्षी तो ऐकणाऱ्याला 'तुझं काही होणार नाही' असाच ऐकू येतो.

राहिलं एक. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पान तीननंतर थेट पान पाच येतं. खाली आकडे छापलेले आहेत, पुन्हा मोजून पाहिले. पाचव्या पानाची सुरुवात 'वरील कलम ११ नुसार कलाकाराचे रंगमंचीय नाव' अशी आहे, आणि कलम ११ कुठेच नाही. तुमच्याकडून फोटो राहिला असेल तर पाठवा. कंपनीनेच ते पान दिलं नसेल तर आधी मागून घ्या, लेखी मेल करून, फोनवर नाही.